बाळ स्वतःहून झोपायला कसं शिकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी थोरली दीड वर्षाची होईपर्यंत मांडीवर पाय हलवल्याशिवाय झोपली नाही. रात्री चार-पाच वेळा उठायची आणि दर वेळी तोच क्रम चालायचा. उचला, मांडीवर घ्या, पाय हलवा, श्वास रोखून खाली ठेवा, की पुन्हा रड. धाकट्याच्या वेळी आधीपासून थोडा विचार केला, वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि माझी रजा संपायच्या आत तो अंथरुणावर पडल्या पडल्या झोपायला लागला. तेव्हापासून सोसायटीतल्या, ऑफिसातल्या, नात्यातल्या नव्या आया मला जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. बाळाचं वजन, आजारपण, औषध यांबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा शब्द शेवटचा.

"स्वतःहून झोपणं" म्हणजे बाळाला वेगळ्या खोलीत एकटं ठेवायचं का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. परदेशी व्हिडिओंमध्ये बाळाची वेगळी खोली, कठड्याचा पलंग, दार बंद करून बाहेर पडणारे आईबाप दिसतात, आणि आपल्याला वाटतं की हे आपल्यासाठी नाही. आपल्याकडे वन रूम किचनमध्ये पाच माणसं झोपतात, तिथे वेगळी खोली आणायची कुठून? आणि आणायची गरजही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा बाळाला निदान पहिले सहा महिने आईबाबांच्याच खोलीत झोपवा असं सांगते.

स्वतःहून झोपणं म्हणजे एवढंच: बाळ पेंगुळलेलं पण जागं असताना त्याला अंथरुणावर ठेवायचं आणि जागेपणापासून झोपेपर्यंतची शेवटची पाच-दहा मिनिटं त्याची त्याने पार करायची. तुम्ही शेजारी, हाताच्या अंतरावर असलात तरी चालतं. माझा धाकटा माझ्याच शेजारी झोपायचा, फक्त माझ्या अंगावर नाही.

पण हे शिकवायची गरज काय? आमच्या आज्यांनी कुठे शिकवलं होतं?

गरज सगळ्यांना नसते. बाळ पाजता पाजता झोपतंय, तुम्हालाही झोप मिळतेय, घरात कुणाची तक्रार नाही, तर काहीही बदलू नका. ही काही बाळाची परीक्षा नाही.

आज्यांच्या वेळी घरात हात भरपूर होते. एक थकली की दुसरी पाळण्याची दोरी धरायची. आज नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोनच माणसं असतात आणि त्यातल्या एकाला सकाळी ७.४० ची लोकल पकडायची असते.

दुसरं कारण झोपेच्या रचनेत आहे. मोठ्या माणसाचं झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, तान्ह्या बाळाचं ५० ते ६० मिनिटांचं. प्रत्येक चक्राच्या शेवटी सगळेच जण थोडे जागे होतात, कूस बदलतात आणि पुन्हा झोपतात. आपल्याला ते सकाळी आठवतही नाही. आता समजा, तुम्ही एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपलात, शेजारी ओळखीची माणसं होती. जाग आली तेव्हा गाडी डेपोत उभी, दिवे बंद, आत कुणी नाही. तुम्ही पुन्हा डोळे मिटाल का? मांडीवर हलता हलता झोपलेल्या बाळाला तासाभराने गादीवर जाग येते तेव्हा त्याचं असंच होतं. झोपताना जे होतं ते नाहीसं झालेलं असतं, म्हणून ते हाक मारतं. गादीवरच झोपलेल्या बाळाला जाग येते तेव्हा सगळं जिथल्या तिथे असतं.

कोणत्या महिन्यापासून सुरुवात करायची?

पहिल्या तीन महिन्यांत काहीही शिकवायला जाऊ नका. त्या दिवसांत बाळाला दिवस-रात्र कळत नाही, पोट लहान असतं, दर दोन-तीन तासांनी दूध लागतंच. घ्या उचलून, निजवा कडेवर, घाला कुशीत. "हाताची सवय लागेल" ही भीती या वयाला लागू नाही.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास शरीराचं घड्याळ जुळू लागतं. तोवर एकच गोष्ट करता येते. सकाळी पडदे उघडा, दिवसा घरातले आवाज चालू राहू द्या, आणि रात्री पाजताना फक्त झिरोचा दिवा लावा, गप्पा नकोत. चौथ्या महिन्यापासून दिवसातून एकदा, शक्यतो रात्रीच्या झोपेला, पेंगुळलेलं बाळ खाली ठेवून बघायला सुरुवात करता येते. झोपलं तर उत्तम, नाही तर उचलून नेहमीसारखं निजवा. नेटाने, ठरवून सवय बदलायची असेल तर सहा महिने पूर्ण होऊ द्या आणि डॉक्टरांना वजन दाखवून घ्या. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर महिने जन्मतारखेपासून नाही, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

नोकरदार आयांसाठी एक सूचना. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यात परत जायची वेळ येते. शेवटच्या आठवड्यात घाईघाईने सगळं बदलू नका. आई दिवसभर दिसेनाशी होणं आणि झोपायची पद्धत बदलणं हे दोन्ही एकाच आठवड्यात बाळाला जड जातं. निदान तीन-चार आठवडे आधी सावकाश सुरू करा.

ताप, लसीकरणाचे दोन दिवस, प्रवास, घरातलं लग्नकार्य, या दिवसांत सुरुवात नको.

एकूण किती झोप हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेले आकडे असे: पहिले तीन महिने १४ ते १७ तास, ४ ते ११ महिने १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षं ११ ते १४ तास. दिवसाच्या झोपा यात धरलेल्या आहेत. म्हणून दुपारी सलग चार तास झोपलेलं बाळ रात्री अकराला खेळत असेल तर ते शहाण्यासारखंच वागतंय.

शेजारणीचं बाळ रात्रभर झोपतं, माझं का नाही?

कॅनडात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांमध्येही हे प्रमाण २८ टक्के होतं. आणि न झोपणाऱ्या बाळांच्या वाढीत काही कमी आढळलं नाही. तेव्हा सहाव्या महिन्यात रात्री एक-दोनदा भुकेने उठणं हे साधं, नेहमीचं आहे. दर तासाला उठणं थकवणारं आहे आणि ते कमी करता येतं. या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

संध्याकाळची घडी कशी बसवायची? आमच्याकडे जेवणंच दहाला होतात.

मला विचाराल तर अर्धं काम इथेच होतं, आणि बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं.

आपल्या घरात संध्याकाळी सात ते दहा ही सगळ्यात गजबजलेली वेळ. कुकरच्या शिट्ट्या, मालिका, ऑफिसातून आलेला बाबा, दारात आलेली शेजारची मुलं. बाळाची झोप मात्र बहुधा साडेसात-आठलाच आलेली असते. ते डोळे चोळतं, कान ओढतं, नजर कुठेतरी लावून बसतं. तेवढ्यात बाबा येतात, उंच उडवतात, बाळ खिदळतं आणि झोपेची ती वेळ निघून जाते. नऊ वाजता ते जे रडायला लागतं ते भुकेने नाही, दमून. अति दमलेलं बाळ लवकर झोपत नाही, उलट जास्त तडफडतं.

म्हणून बाळाची रात्र घराच्या रात्रीपेक्षा आधी सुरू करा. अर्धा तास पुरतो. आमचा क्रम असा होता: कोमट पाण्याने अंग पुसणं, खोबरेल तेलाचा हलका हात, सुती झबलं आणि लंगोट बदलणं, मग खोलीत झिरोचा दिवा लावून दूध, मग खांद्यावर ढेकर काढणं, एक अंगाई, आणि खाली. रोज तेच, त्याच क्रमाने, त्याच जागी. आठवड्याभरात झबल्याला हात घातला की त्याचे डोळे जड व्हायचे.

बाळंतपणात सकाळी मालीशवाली बाई आंघोळ घालून जाते आणि बाळ त्यानंतर दोन-तीन तास गाढ झोपतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेल आणि कोमट पाणी यांचा हा गुण आपण सकाळी खर्च करतो. बाई सकाळीच येत असेल तर तिची आंघोळ राहू द्या, पण संध्याकाळचं हलकं तेल-पाणी तुम्ही स्वतः करा.

बाबांना यायला उशीर होत असेल तर त्यांच्यासाठी सकाळची वेळ ठेवा. मुंबईत नऊला घरी पोचणाऱ्या माणसाला बाळ भेटावं म्हणून बाळाला जागं ठेवायचं, हे प्रेमापोटी होतं हे मला कळतं. आमच्याकडेही व्हायचं. सकाळी साडेसहाला ताजंतवानं, हसरं बाळ बाबांच्या हातात द्यायला लागलो तेव्हा दोघांचंही जास्त जमलं.

घर लहान असेल आणि खोली एकच, तर टीव्हीचा आवाज कमी करा आणि पंख्याची घरघर चालू ठेवा. एकसारखा बारीक आवाज मधले बाकीचे आवाज झाकतो.

हातात झोपतं, खाली ठेवलं की लगेच जागं होतं. काय करू?

जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांना आढळलं की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं सलग चाललं, मध्ये न थांबता, की पुष्कळ बाळं शांत होतात, काही झोपतात. पण लगेच ठेवलं तर उठतात. झोप लागल्यावर त्याला घेऊन पाच ते आठ मिनिटं बसून राहिलं आणि मग ठेवलं तर टिकण्याची शक्यता वाढते. बाळाच्या हृदयाचे ठोके बदलतात ते पाठ गादीला लागल्यावर नव्हे, तर त्याचं अंग आईच्या अंगापासून सुटू लागतं तेव्हा.

यातून मी एक शिकले. ठेवताना बाळाला लांबून सोडायचं नाही, आपणच त्याच्याबरोबर वाकायचं. आधी बूड, मग पाठ, शेवटी डोकं टेकवायचं. एक हात छातीवर राहू द्यायचा आणि मिनिटभराने काढायचा. ही युक्ती झोपलेल्या बाळासाठी. जागं बाळ खाली ठेवायचा सराव करतानाही सुरुवातीचे दिवस तोच हात छातीवर असू द्या, मग रोज थोडा लवकर उचला.

अंगावर पिता पिताच झोपतं. हे मोडायचं कसं?

मोडायचं नाही, सरकवायचं. दूध क्रमाच्या शेवटी असेल तर ते थोडं आधी आणा. दूध, मग लंगोट बदलणं, मग अंगाई, मग झोप. पिताना डोळे मिटायला लागले, चोखणं मंद झालं, गिळणं थांबलं की करंगळी ओठांच्या कडेला घालून हळूच सोडवा आणि थोपटा. रडलं तर परत द्या, पुन्हा सोडवा. पहिल्या रात्री सहा-सात वेळा होईल, पुढे कमी होतं. भुकेचं दूध कधीही कमी करायचं नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि रात्रीही मागेल तेव्हा, हे कायम धरा.

पाळणा किंवा साडीची झोळी वापरली तर चालेल का? आमच्याकडे त्याशिवाय बाळ झोपतच नाही.

बारशाचा पाळणा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा, आणि झोळीने तर शेतावर, बांधकामावर, गिरणीत जाणाऱ्या कितीतरी आयांची बाळं सांभाळली. मी तिला नावं ठेवणार नाही. पण दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात.

पहिली सुरक्षिततेची. झोळीत बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकू शकते. लहान बाळाची श्वासनळी मऊ असते, मानेलाही बळ नसतं, त्यामुळे श्वास अडू शकतो, तोही आवाज न होता. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून १० अंशांहून जास्त उतार असलेली बाळांची झोपण्याची साधनं विकायला बंदी घातली ती याच कारणाने. थोड्या मोठ्या मुलांना वेगळा धोका असतो. झोळीशी खेळताना साडी गळ्याभोवती आवळली जाते. तेव्हा झोळीत झोपवलंत तर समोरून हलू नका, झोप लागली की सपाट गादीवर ठेवा, आणि वापर नसताना झोळी सोडून ठेवा. सपाट तळाचा, घट्ट गादीचा, उंच कडांचा पाळणा त्यामानाने बरा. बाळ हातांवर उठायला किंवा बसायला लागलं की तोही बंद.

दुसरी गोष्ट सवयीची. झोका हलवून झोपलेलं बाळ मध्यरात्री झोकाच मागणार. एकदम बंद करू नका. पहिले तीन-चार दिवस नेहमीसारखा झोका द्या पण डोळे जड झाले की थांबवा. पुढचे काही दिवस फक्त सुरुवातीला पाच मिनिटं. मग पाळणा स्थिर ठेवून नुसतं थोपटणं, मग गादी. माझ्या नणंदेच्या मुलीला यासाठी तीन आठवडे लागले.

रडू द्यायचं का?

हा प्रश्न विचारताना बहुतेक आयांचा आवाज खाली येतो. म्हणून सविस्तर लिहिते.

पद्धती साधारण तीन प्रकारच्या. एकात बाळाला ठेवून ठरावीक अंतराने, म्हणजे तीन मिनिटांनी, मग पाच, मग दहा, असं जवळ जाऊन धीर द्यायचा पण उचलायचं नाही. अमेरिकन डॉक्टर रिचर्ड फर्बर यांच्या नावाने ती ओळखली जाते. दुसरीत आई-बाबा अंथरुणाशेजारी बसून राहतात, थोपटतात, बोलतात, आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं लांब सरकतात. तिसरीत बाळाची झोपायची वेळच तात्पुरती पुढे ढकलायची, म्हणजे ते खरंच झोपेला आलेलं असताना खाली जातं, आणि मग रोज १५ मिनिटांनी वेळ मागे आणायची. यात रडणं सर्वांत कमी.

संशोधन काय सांगतं? ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या अभ्यासात ३२६ बाळं होती. अंतराने धीर देण्याची किंवा शेजारी बसण्याची पद्धत शिकवलेल्या आईबाबांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा मनाने, वागण्याने, आईशी असलेल्या नात्याने ती इतर मुलांपेक्षा वेगळी नव्हती. हा अभ्यास २०१२ चा. ॲडलेडच्या २०१६ मधल्या छोट्या अभ्यासात, ४३ बाळांमध्ये, ताण दाखवणारं संप्रेरक लाळेतून मोजलं आणि वर्षाने आईशी असलेली ओढही तपासली. तिथेही इजा दिसली नाही. मेलबर्नच्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की सहाव्या वर्षी न शिकवलेली मुलंही तितकीच छान झोपत होती. म्हणजे शिकवल्याने कायमचं नुकसान नाही आणि न शिकवल्यानेही नाही. फायदा आहे तो आजच्या आईला आणि आजच्या घराला.

मी स्वतः शेजारी बसण्याची पद्धत धरली, कारण दाराबाहेर उभं राहणं मला जमलं नसतं, आणि आमच्या भिंतीपलीकडे आजारी आजोबा झोपायचे. बाळ रडलं, पण मी तिथे होते, माझा हात त्याच्या पोटावर होता. पहिल्या रात्री ४० मिनिटं, दुसऱ्या रात्री जवळजवळ तेवढीच, चौथ्या रात्री १० मिनिटं. पाचव्या रात्री पुन्हा अर्धा तास, आणि मग ओसरलं.

कुरकुर आणि आकांत यांतला फरक ओळखायला शिका. डोळे मिटून, थांबून थांबून केलेली कुरकुर हा पुष्कळदा झोपेचाच भाग असतो. लगेच उचललं तर आपणच बाळाला उठवतो. मिनिटभर ऐका. पण बेंबीच्या देठापासून चाललेलं रडणं, घाम, उलटी असेल तर सरळ उचलून घ्या. ठरवलेली पद्धत दुसऱ्या दिवशीही करता येते. आणि "रडू दे, फुप्फुसं मजबूत होतात" यात काही तथ्य नाही.

सासूबाई म्हणतात, "आमच्या घरात लेकरू असं रडवत नाहीत."

त्यांचं म्हणणं मायेतून येतं, त्याच्याशी भांडू नका. त्यांना या कामात घ्या. माझ्या सासूबाईंना मी म्हटलं, "आई, तुम्ही ओव्या म्हणा, मी थोपटते." त्यांचा आवाज रोजच्या क्रमाचा भाग झाला आणि तो त्यांना स्वतःच्या नातवाच्या झोपेचा अधिकार वाटू लागला. चार रात्री मध्ये कुणी उचलायचं नाही, हे मात्र दिवसा, चहाच्या वेळी, सगळ्यांनी मिळून ठरवा. रात्री दोनला ठरवायला गेलात तर रडारड बाळाबरोबर मोठ्यांचीही होते.

बाबांनी काय करायचं?

रात्रीची पहिली जाग बाबांनी घ्यावी. त्यांच्या अंगाला दुधाचा वास येत नाही, त्यामुळे बाळ पिण्याचा हट्ट कमी धरतं.

बाळ आमच्याबरोबर गादीवर झोपतं. ते सुरक्षित आहे का?

सगळ्यांत सुरक्षित म्हणजे तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या सपाट, घट्ट अंथरुणावर. तुमच्या गादीशेजारी जमिनीवर त्याची छोटी गादी लावली तरी चालते. एकाच गादीवर झोपत असाल तर घरात कुणी तंबाखू ओढत असेल, झोपणाऱ्यांपैकी कुणी दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ वेळेआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर त्याला अजिबात शेजारी घेऊ नका. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं कोणालाच नको.

बाळाला पाठीवरच झोपवा, दुपारीही. अमेरिकेत १९९२ पासून हा सल्ला द्यायला लागले आणि पुढच्या दशकात झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. बाळ स्वतः दोन्ही बाजूंना पालथं होऊ लागलं की पुन्हा पुन्हा सरळ करायची गरज नाही, पण ठेवताना पाठीवरच.

आपल्याकडच्या काही गोष्टी काढून टाकाव्या लागतात. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. झोपताना ती नको, तोंडाशी सरकली तर बाळाला बाजूला होता येत नाही. घरात झोपताना टोपडं नको, बाळाची उष्णता डोक्यातून बाहेर पडते आणि आपला उन्हाळा तसाही कमी नाही. दुपट्यात गुंडाळायचं तर पाय मोकळे हलतील असं, आणि पालथं पडायचा प्रयत्न दिसला की तेही बंद. डासांसाठी बंद खोलीत कॉइल लावू नका, मच्छरदाणी लावा, ताणून आणि कडा खोचून.

जायफळ उगाळून दिलं तर? किंवा सर्दीचं औषध, त्याने झोप लागते म्हणे.

दोन्ही नको. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय गुटीही नको आणि पाणीही नको. मध तर वर्षाच्या आत कधीच नाही, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. जायफळ जास्त झालं तर ते विषारीच, आणि सहाणेवर किती वळसे म्हणजे किती मात्रा हे कुणालाच सांगता येत नाही.

सर्दीच्या औषधाची गुंगी म्हणजे झोप नव्हे. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं बाटलीवर छापायचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. घरात जुनी बाटली पडली असेल तर बघा.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळागोळी देऊन कामाला जात, पाळी संपेपर्यंत ते उठू नये म्हणून. त्या बायकांना दुसरा मार्ग ठेवलाच नव्हता. आपल्यापाशी आहे.

नीट झोपत होतं, आता पुन्हा दर तासाला उठतंय. सगळं वाया गेलं का?

नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची रचनाच बदलते, मोठ्यांसारखे टप्पे तयार होतात, आणि मध्येच जाग येणं वाढतं. आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला कळतं की दिसत नसलेली आईसुद्धा कुठेतरी असते, मग ते तिला शोधतं. याच सुमाराला रांगणं, उभं राहणं येतं आणि रात्री दोनला कठडा धरून उभं राहायचा सराव चालतो. दिवसा त्याला पुष्कळ रांगू द्या, उभं असताना खाली बसायचं कसं तेही खेळात शिकवा.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाऊन आल्यावर तर हमखास बिघडतं. तिथे चुलत-मावस सगळे घेतात, दहा-दहा दिवस ते कुणाच्या ना कुणाच्या कडेवर झोपतं. जाऊ द्या, तो आनंदही बाळाचा हक्क आहे. परत आल्यावर पहिल्याच रात्रीपासून जुना क्रम सुरू करा, तीन-चार दिवसांत रुळतं.

पाळणाघरात वेगळ्या पद्धतीने झोपवतात. गोंधळ होईल का?

होत नाही. पाळणाघरातल्या ताईंच्या मांडीवर झोपणारं बाळ घरी गादीवर झोपू शकतं. जागा आणि माणूस बदललं की नियम बदलतो हे त्याला लवकर उमगतं. पाठीवर झोपवतात ना, एवढं मात्र विचारा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

झोपेत रोज घोरतं, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो, ओठ निळसर दिसतात, वजन वाढत नाही, पिताना दमतं, किंवा दिवसाही सुस्त असतं, तर वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर तो झोपेचा प्रश्न नाही, लगेच न्या.

सहा महिन्यांनंतर सतत तळमळणाऱ्या, पाय आपटणाऱ्या बाळाचं हिमोग्लोबिन बघून घ्या, लोह कमी असेल तर झोप अस्वस्थ होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. सरकारी योजनेत सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप दिलं जातं. आशाताईंना विचारा.

बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही, आणि सारखं रडू येतं.

हा प्रश्न शेवटी विचारला जातो, उठता उठता, दारात चप्पल घालताना. बाळ झोपलेलं असूनही झोप न लागणं, दोन आठवड्यांहून जास्त मन उदास राहणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा सतत भीती वाटणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणं, हा थकवा नाही आणि तुमचा दोषही नाही. हा बाळंतपणानंतरचा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. बाळाच्या पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना स्वतःबद्दल सांगा. तेवढं थांबवत नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. घरात तेव्हा कुणी असेल तर आधी त्यांना उठवून बाळ त्यांच्याकडे द्या आणि मग फोन लावा. इजा करण्याचे विचार येत असतील तर एकट्या राहू नका, घरच्यांना घेऊन त्याच रात्री दवाखान्यात जा.